आंबट गोळीनं उतरलेला गंज

थोरल्या सुनेच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत गोळीबाबा, पुढ्यात पाण्याचा पेला. थोरलीच्या नवऱ्यानं पाण्यावर फुंकर मारली, बाबांनी कुपीतले थेंब टाकले आणि पाणी तांबूस झालं.

"हा बघा तुमच्या यकृताचा गंज! दारूनं आत गंज चढतो, हे डॉक्टरही सांगतात. पण काढतो कोण? ही गोळी!"

गोळी कुस्करून पेल्यात पडली. ढवळताच पाणी नितळ! खोलीभर "अगंबाई!" झालं.

"संध्याकाळी खुशाल प्या, सकाळी गोळी घ्या. पेला साफ, यकृत साफ!"

सासूबाईंनी थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. "हिनं नवऱ्याला हसतं ठेवलंय. नाहीतर काहीजणी!"

त्या 'काहीजणी' म्हणजे धाकटी सून. तिचा जळफळाट झाला. नवऱ्याचे दंड दारूनं इतके वाळले होते, की लेकीला घेऊन जिना चढताना त्याला धाप लागायची. तिनं भांडून त्याला डॉक्टरांकडे नेलं, दारू सोडवली. आता कुठे तो लेकीला पुन्हा खांद्यावर घेऊ लागला होता. बदल्यात तिला काय मिळालं? कजाग हे नाव. आणि थोरलीला आरती ओवाळायचीच काय ती बाकी!

घरी येताना नवरा म्हणाला, "गंज निघतोय म्हटल्यावर काय हरकत आहे? शनिवारी दादाबरोबर एकच पेला."

क्षणभर तिलाही वाटलं, होऊ दे. मग मीही चांगली ठरेन.

दुसऱ्या दिवशी लेकीचा गुडघा फुटला. धाकटीनं वाटीभर पाण्यात टिंक्चर आयोडीन घातलं. लेकीनं तोंडातली जीवनसत्त्वाची आंबट गोळी वाटीत थुंकली.

"आई, रंग पळाला!"

धाकटीच्या हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला.

शनिवारी थोरलीकडे बाबा पुन्हा कुपी उघडतात तोच ती पुढे झाली. "आधी आईंचा गंज बघू." सासूबाईंनी हौसेनं फुंकर मारली. धाकटीनं बाबांच्याच कुपीतले थेंब टाकले. पाणी तांबूस!

"आई, तुम्ही कधीपासून घेता?"

हशा पिकला. तिनं लेकीच्या डबीतली गोळी कुस्करून टाकली. पाणी नितळ.

"आजींच्या भक्तीत खोट..." बाबा पुटपुटले.

"खोट कुपीत आहे. हे आयोडीन. क जीवनसत्त्वानं त्याचा रंग जातो, पण पेल्यातला! यकृतात दारू जिरताना जहाल कण तयार होतात. ते पेशींची आवरणं कुरतडतात. शरीराचा बचावाचा साठा कमी पडू लागतो. दंडाच्या स्नायूंचंही तेच होतं. ही गोळी म्हणजे पिण्याचा परवाना नाही. दारू थांबवणं हाच इलाज. रोज पिणाऱ्यानं मात्र एकदम न सोडता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली."

नवऱ्यानं आपला पेला उपडा ठेवला. थोरले दीर स्वतःचा दंड चाचपू लागले. गोळीबाबा चपला शोधू लागले.

"तुला माझं सुख बघवलं नाही!" थोरली कडाडली.

"नाही बघवलं, जाऊबाई. जळलेच मी. पण पाणी काही माझ्या जळण्यानं नितळ झालं नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः करून बघा."

थोरलीनं पेला ओढला. कुणालाच फुंकर मारू दिली नाही. थेंब, तांबूस, गोळी, नितळ. 

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच करावं: तो स्वतःच्या हातानं होतो का, ते बघावं.

"अगं," थोरली हळूच म्हणाली, "तुझे ते डॉक्टर कुठे बसतात?"