हारामागचा हात

हेमेंद्रच्या डाव्या मनगटावर चार बोटं होती. अंगठा पलीकडून वळल्यामुळे दिसत नव्हता. अनामिकेचं नख काळं पडलेलं. बोटांमागे पंजा, पंजामागे जेमतेम दोन सेंटिमीटर मनगट, आणि तिथे फोटो संपत होता.

मुर्री गावातल्या घरात, समोरच्या खोलीतल्या भिंतीवर हा फोटो नऊ वर्षं टांगलेला होता. हार बदलताना ओमेश्वरी भावाच्या चेहऱ्याकडे क्वचितच पाही. तो हसत होता, एवढं तिला पाठ होतं. तिची नजर जाई त्या हातावर. यंदा पावसाळ्यात भिंतीला ओल आली, काचेच्या आत बुरशी शिरली आणि हेमेंद्रचा अर्धा गाल पांढरा झाला. नवा फोटो करून आणणं भागच होतं. आईला, मुन्नीबाईला, तो रविवारच्या आत हवा होता.

रविवारी पाहुणे येणार होते. चिचगडच्या लोकेंद्रचं लग्न जमत आलं होतं. लोकेंद्र म्हणजे मुन्नीबाईच्या धाकट्या बहिणीचा, देवकाबाईचा मुलगा. त्यांच्यात सुपारी फुटण्याआधी मुलीकडची मंडळी मुलाच्या दोन-चार नातेवाइकांकडे जातात, चहा घेतात आणि बोलता बोलता मुलगा कसा आहे ते काढून घेतात. याआधी दोन स्थळं अशीच मुर्रीला आली होती. मुन्नीबाईने मुलाला नावं ठेवली नाहीत. तिने फक्त भिंतीकडे बोट दाखवलं आणि तो हात कुणाचा ते सांगितलं. दोन्ही स्थळं परत आली नाहीत. लोकेंद्र आता चौतिशीला आला होता.

धानाची कापणी आटोपल्यावर, २००२च्या डिसेंबरात, मुन्नीबाई, तिची दोन्ही मुलं आणि लोकेंद्र असे चौघे पुरीला गेले होते. जगन्नाथाचं दर्शन झालं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती धर्मशाळेत थांबली आणि ही तिघं समुद्रावर गेली. तिघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ओमेश्वरी गोंदियाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि घड्याळ लावून लाटा मोजू लागली. अकरा सेकंद, बारा सेकंद, पुन्हा अकरा. तिने हात उंच करून भावाला हाक मारली. ये, काही होत नाही, मी मोजून पाहिलं आहे. लोकेंद्र पाण्याला भ्यायचा. त्याने हेमेंद्रचं मनगट धरलं आणि त्याला मागे ओढलं. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या फोटोवाल्याने बटण दाबलं. हेमेंद्र हात सोडवून पळाला. तिसऱ्या की चौथ्या लाटेला पायाखालची वाळू सरकली. ओमेश्वरी बाहेर आली, हेमेंद्र आला नाही. लोकेंद्र त्याच्यामागे छातीभर पाण्यात गेला होता. त्याला कोळ्यांनी ओढून काढलं.

फोटो पोस्टाने पाठवायचे म्हणून फोटोवाल्याने पत्ता आधीच लिहून घेतला होता. तेरवी होऊन पंधरा दिवस झाल्यावर शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत फोटो होता, निगेटिव्हही होती. हेमेंद्रचा इतका चांगला फोटो दुसरा नव्हता. हाराखाली जिवंत माणूस ठेवत नाहीत, हे कुणीही सांगेल. चैतराम स्टुडिओवाल्यानेही तेच सांगितलं. डावीकडून पाण्यासकट ओमेश्वरी कापली गेली. उजवीकडून कोरड्या वाळूसकट लोकेंद्र कापला गेला. त्याचा पंजा मात्र हेमेंद्रच्या मनगटाला असा चिकटला होता की तो काढायचा तर हेमेंद्रचाच हात तोडावा लागला असता.

मधे उरली ती ओली, चकाकणारी वाळू. समुद्र कोणत्या बाजूला आहे हे आता फोटो सांगत नव्हता. भाऊ डावीकडे झुकला होता, हात त्याला उजवीकडे ओढत होता. पूर्ण फोटोत तो पाण्याकडे ओढ घेत होता. कापलेल्या फोटोत तोच मुलगा, तसाच झुकलेला, नको नको म्हणत असल्यासारखा दिसत होता.

चौकट घरी आली तेव्हा आईने बराच वेळ पाहिलं आणि हात कुणाचा ते विचारलं. ओमेश्वरीने लोकेंद्रचं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं.

“ओढून राहिला होता माया लेकराले,” मुन्नीबाई म्हणाली.

ओमेश्वरी पाणी आणायला आत गेली. तिच्या हातून झालं ते एवढंच. ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती, आणि नऊ वर्षं तिला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत आली होती.

दुसरं स्थळ मोडल्यावर लोकेंद्र एकदा तिच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. त्याने आवाज चढवला नाही.

“ताई, मी सांगितलं तर मावशी म्हणन, आपल्यावरचं झटकून राहिला. तू सांग.”

दिवाळी होऊ दे, ती म्हणाली. दिवाळी झाली. मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मग दहावीचे निकाल, मग धानाची रोवणी. कारणं मिळत गेली. तिने ती शोधलीही.

निगेटिव्ह लॉग टेबलच्या पुस्तकात होती. ओमेश्वरी एकटीच जाणार होती, पण आई हटून बसली. तू घाईत काहीतरी करून आणशील, म्हणाली, आणि ऑटोत तिच्याआधी चढली.

चैतरामकडे आता कम्प्यूटर आला होता. निगेटिव्ह मशीनमध्ये घालता घालता त्याने बाकावर बसलेल्या मुन्नीबाईची थट्टा केली. “मौसी, तुमचाही एक काढून ठेवू का? बाद में घरवालों की भागदौड़ होती है.”

“तुयाच काढून ठेव आधी,” मुन्नीबाई म्हणाली. “पोट पाह्य आपलं. चौकटीत मावन का?”

चैतराम हसला. पडद्यावर फोटो वरून खाली उलगडत गेला. आधी आभाळ, मग माणसं. डाव्या कडेला पाण्यात ओमेश्वरी होती, पदर खोचलेली, हात उंच, तोंड हाक मारताना उघडं. उजव्या कडेला लोकेंद्र, टाचा वाळूत रोवून, सगळं अंग मागे टाकलेला. या दोघांना एकत्र पाहण्याचं तिने किती वर्षं टाळलं होतं.

चैतरामने पडद्यावर चौकोन आखला. तीच जुनी जागा त्याला आठवत होती. दोन्ही कडा काळवंडल्या. मग त्याने मान वळवली. “मॅडम, यह हाथ भी अब हटा देता हूँ. पाच मिनिटांचं काम. पत्ता नहीं चलेगा.”

ओमेश्वरीच्या मनात आलं, हो म्हणावं. हात जाईल. रविवारी भिंतीवर बोट दाखवायला काही उरणार नाही. लोकेंद्रचं लग्न होईल, आणि तिला काहीच सांगावं लागणार नाही. किती सोपं होतं. तिने तोंड उघडलंही.

“हात राहू दे,” आई बाकावरून म्हणाली. “कायले काढतं? रविवारी पाहुणे येऊन राहिले. त्यायले दिसू दे, कोणं नेलं पोराले पाण्यात.”

चैतरामने ओमेश्वरीकडे पाहिलं. त्याने पूर्ण फोटो दोनदा पाहिला होता, नऊ वर्षांपूर्वी आणि आता.

“चैतरामभाऊ, तो चौकोन काढा,” ओमेश्वरी म्हणाली. “पूर्ण दिसू द्या.”

कडा पुन्हा उजळल्या. तिने जाऊन आईला दंडाला धरून उठवलं आणि पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. मुन्नीबाईने चष्मा सारखा केला. आधी ती मुलाकडे पाहत राहिली. मग तिची मान हळूहळू उजवीकडे गेली. तिथे थांबली. मग डावीकडे. तिथे फार वेळ थांबली.

“हे तू होय का?”

“हो.”

“कायले हात केला?”

ओमेश्वरीचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तिने तो काढला नाही.

“त्याले बोलावून राहिली होती, आई. लोकेंद्र त्याले बाहेर ओढत होता. म्याच पाण्यात बोलावलं. रविवारी पाहुणे येतील, त्यायच्यासमोर हा फोटो ठेवीन अन् हे मीच सांगीन.”