करकरणारं दार

पुढचा पूल खचला होता, त्यामुळे बसवाल्याने सगळ्यांना वाटेतच उतरवलं. बाकीचे परत फिरले. सुतार मात्र हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालत निघाला, कारण पलीकडच्या शहरात त्याचं काम ठरलं होतं आणि हट्टाला त्याच्या घरात कधीच तोटा नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याचा गुडघा सुजून टम्म झाला. रस्त्याकडेच्या पहिल्याच घराचं दार त्याने ठोठावलं, ते फक्त पाणी मागायला.

दार करकरत उघडलं. "आत या. ताट वाढलेलंच आहे," म्हातारी म्हणाली. कोण, कुठले, काही विचारलं नाही. म्हाताऱ्याने त्याच्या पायाखाली स्टूल सरकवलं. टेबलावर तीन ताटं होती. तिसरं कुणाचं, असं त्याने संकोचाने विचारलं.

"लेकीचं. तुम्ही जेवा हो, तिच्यासाठी दुसरं घेते. कामावरून येईलच आता."

पोटात कावळे ओरडत होते. तो आडवा हात मारत असतानाच पाठीमागे दार करकरलं. "आली," म्हातारा म्हणाला आणि म्हातारीने हसून चौथं ताट वाढलं. सुताराने मान वळवली. दार हातभर उघडं होतं आणि तिथे कुणीच नव्हतं.

"वर गेली असेल," म्हातारा ताटातून मान वर न करता म्हणाला. दोघंही आता निवांत जेवू लागली. सुतार मात्र पुन्हा पुन्हा त्या उघड्या दाराकडे बघत होता.

सकाळी गुडघा वाकेना. म्हातारीने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. "बरं वाटेपर्यंत हलायचं नाही, मिस्त्री," म्हणून दटावलं. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं या परक्या बाईने केलं. दुपारी दोघं बाजारात गेली, तेव्हा तो भिंतीला धरून जिन्यापाशी गेला. पायऱ्यांवर बोटभर धूळ होती. त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

तो भिंतीला धरून लगेच मागे फिरला. मग त्याने स्वतःचीच समजूत घातली. दार एका बाजूला उतरलंय, हवा गार पडली की आपोआप सरकतं, बस्स, एवढंच. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. इथे तर सुतार रिकामा बसलेला, समोर बिघडलेलं दार आणि डोक्यावर उपकाराचं ओझं. त्याने दार उतरवलं, खालची कड रंध्याने तासली, बिजागऱ्या बदलल्या आणि तेल सोडलं. दार लोण्यासारखं फिरू लागलं. उपकार फिटला, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्यात निम्मी भीतीच होती. तो आवाज त्याला पुन्हा ऐकायचा नव्हता.

दोघं मागच्या दाराने परतली. संध्याकाळी ताटं मांडली. म्हातारी वाढायला डाव हातात घेऊन बसली. अंधार पडला. अन्नावरची वाफ गेली. कुणी घास उचलेना.

"आज उशीर झाला तिला," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली.

म्हातारा उठला. त्याने दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. काहीच वाजलं नाही. तो वळला आणि सुताराकडे बघत राहिला.

"काका, मला वाटलं..." सुतार खुर्चीतून अर्धवट उठला. "तुमच्यासाठी काहीतरी करावं म्हणून..."

"ती रोज म्हणायची, बाबा, एवढं दार नीट करून घ्या. मी उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. गेली त्या दिवशीही म्हणाली होती." म्हातारा खुर्चीत मटकन बसला. "ती गेल्यावर मग कसलं नीट करतोय? तेवढ्या आवाजावर तर जगत होतो."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बिजागरीत चिमूटभर रेती टाकतो. जुन्या बिजागऱ्या पिशवीतच आहेत, त्याच लावतो. पुन्हा वाजेल, मावशी."

म्हातारीने मान हलवली. तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता आणि तेच त्याला सोसेना. "तुम्ही वाजवलेला आवाज तुमचा असेल, मिस्त्री. तिचा कसा होईल? तो आला की आमचं वाट बघणं त्या दिवसापुरतं संपायचं. आता ती येऊन गेली तरी आम्हाला कळायचं नाही." तिने डाव खाली ठेवला नाही. "तुम्ही जेवून घ्या. गार होतंय."

पहाटे तो लंगडत निघाला. म्हातारी दारापर्यंत आली आणि तिने वाटेसाठी डबा हातात दिला. डबा जड होता. दोघांचंही कालचं जेवण त्यात होतं. त्याने तो पिशवीत हत्यारांवर ठेवला.

तो रस्त्याला लागला. मागे दार लागलं की उघडंच राहिलं, हे त्याला ऐकू आलं नाही. वळून बघायचा धीर त्याला झाला नाही.