भिंतीतला नवरा

मोताळ्यात पादरीसाहेबांचं नवं चर्च अजून पुरतं उभंही नव्हतं, तर तिथे नारळ फुटायला लागले. साहेब दौऱ्यावर होते, त्यामुळे पुंजाजी भगताला रान मोकळं होतं. तो सांगत होता, "एवढी कमान खांबाबिगर उभी हाये, काऊन? आत इंद्रभान गवंडी गाडला हाये!" सगळ्यांनी माना डोलावल्या. गावच्या वेशीची कमान आजोबांच्या काळापासून बिनमढ्याची उभी होती, पण ते आठवायला कुणाला सवड नव्हती.

इंद्रभानची बायको वच्छलाबाई पुढे उभी होती. नवरा कामासाठी नागपूरला गेला, त्याला चार महिने झाले आणि पत्र एकही नव्हतं. भगत म्हणायचा, इंद्रभान भिंतीतून बोलतो; आज तो बोलला, तर बांगड्या फोडायच्या आणि दारची बकरी भगताला द्यायची, असं ठरलं होतं.

वेदीमागच्या अर्धगोल भिंतीच्या टोकाला तिनं कान लावला. दगडातून आवाज आला, "वच्छला, बांगड्या फोड. बकरी भगताले दे."

तिला रडू फुटलं आणि मधेच थांबलं. अठरा वर्षांच्या संसारात इंद्रभाननं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अवं' म्हणूनच हाक. खानेसुमारीच्या कारकुनानं बायकोचं नाव विचारलं, तेव्हाही लाजून त्यानं आईलाच पुढे केलं होतं. असा माणूस मेल्यावर एवढा धीट कसा झाला?

मग तिला आठवलं. याच भिंतीला चुना लावताना तो पलीकडच्या टोकाहून हळूच "अवं, घमेलं आण" म्हणायचा आणि तिला ते कानाशी ऐकू यायचं. थाळीच्या काठानं पाणी फिरावं, तसा आवाज त्या गोलाईनं फिरायचा. पलीकडच्या टोकाला आता फळ्या रचलेल्या होत्या.

तिनं भिंतीला तोंड लावून हळूच सांगितलं, "पाठीवर इच्चू हाये."

फळ्या धडाधड कोसळल्या. भगताचा मेहुणा शेषराव पाठ झटकत बाहेर आला.

पुंजाजी म्हणाला, इंद्रभान शेषरावच्या अंगात आला. वच्छलाबाईनं तिकडे लक्ष न देता गर्दीतल्या म्हाताऱ्या रुखमाबाईला एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन कुजबुजली आणि म्हातारीला शब्दन्‌शब्द ऐकू आला. मग एकेकानं ऐकून पाहिलं.

"कमान मढ्यानं नाई, मधल्या दगडानं उभी राह्यते," वच्छलाबाई म्हणाली. "अन् माणूस जिता हाये का मेला, ते टपालवाला सांगीन. भिंतीले कान लावा, पन इचार करत जा."

त्या आठवड्यातही टपाल आलं नाही. ती रात्री रडली, पण बांगड्या घातलेल्या हातांनीच तिनं डोळे पुसले.