काचेच्या पेटीवरचं गोणपाट

भिकन आबांना मासे आवडत नव्हते असं नाही. सगळा जन्म तापीकाठी गेला, त्यांचं माशांशी कसलं वैर? त्यांना आवडत नव्हती ती ओसरीतली काचेची पेटी. आणि पेटीहून जास्त, ती देणारा.

देणारा म्हणजे ललित. आबांच्या सुनेचा भाऊ, राहायला खांडबाऱ्याला. शाळेला सुट्टी लागली तसा तो भाचीसाठी गाडीत घालून पेटी घेऊन आला. दिवा, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप, काचेला चिकटवलेलं तापमान दाखवणारं पट्टीसारखं यंत्र आणि रंगीबेरंगी मासे. त्या दिवसापासून आबांची खाट रिकामी पडली.

त्याआधी नात दामिनी उन्हाळ्यातली प्रत्येक दुपार आबांच्या खाटेवर काढायची. ओल्या फडक्यात सरकी का फुगते, भर दुपारी सावली पायाशी का येते, हे आबा तिला तोंडानं सांगत नसत. तिच्याच हातानं करवून घेत. चुकली तर "परत कर" एवढंच म्हणत. त्यांना घाई नसायची, तिलाही नसायची.

आता तिचं स्टूल पेटीसमोर आणि तिच्या तोंडी एकच पालुपद, "मामा म्हणतो". मामा म्हणतो दाणे चिमूटभरच टाकायचे. मामा म्हणतो काचेवर टकटक करायची नाही. सगळ्यांत देखण्या नारिंगी माशाचं नाव तिनं 'मामा' ठेवलं होतं. तळाशी काचेला चिकटून बसणाऱ्या काळ्या माशाचं नाव 'आबा'.

"काबर व बेटा?" आबांनी विचारलं होतं.

"तो हालतच नई ना!"

रंजनाबाई, आबांच्या बायको, तोंडाला पदर लावून हसल्या. आबा हसले नाहीत.

मे महिन्यातल्या त्या दुपारी ओसरीचे पत्रे नुसते फणफणत होते. मुलगा आणि सून नंदुरबारला गेलेले. आबांच्या खिशातला फोन वाजला. ललितचं नाव पाहून ते उठले आणि अंगणात निंबाखाली गेले.

"आबा, दामिनीला द्या ना जरा. ऊन भलतंच आहे. पाणी तापलं असेल."

दामिनी दाराआडून दिसत होती. हाक मारली असती तर धावत आली असती. आबांनी मारली नाही.

"ती झोपेल शे," ते म्हणाले. "आनि पानी गार शे. मी बसेल शे ना आठे."

फोन खिशात टाकून ते आत आले, तर दामिनी पट्टीकडे बोट दाखवत होती. "आबा, चौतीस! मामा म्हणतो अठ्ठावीसच्या वर नको. मामाले फोन लावू?"

"मामाले काय इचारनं?" आबांना एकदम हुरूप आला. "पानी गार करानं आपले येत नई का? रांजण कसा गार ऱ्हास?"

रांजण त्यांनीच तिला शिकवला होता. ओलं गोणपाट गुंडाळायचं, वर झाकण, की भर उन्हाळ्यात पाणी दाताला लागेल असं. आबांनी गोणपाट भिजवून पेटीच्या चहूबाजूंनी घट्ट लपेटलं आणि राहिलेला भाग दुहेरी करून झाकणावर टाकला. कुठं फट म्हणून ठेवली नाही.

"तुन्हा मामाले ठाऊक शे का हाई?" ते खाटेवर टेकत म्हणाले. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशेजारी येऊन बसली होती. थोड्या वेळानं वीज गेली, तरी आबांचं त्याकडे लक्ष नव्हतं. ते तिला रांजण घडवणाऱ्यांच्या चाकाबद्दल सांगत होते.

मध्येच ती उठून गोणपाट वर करून पाहायला गेली, आणि किंचाळली.

"आबा मरी ऱ्हायना! आजी, आबा मरी ऱ्हायना!"

चुलीपासून रंजनाबाई धावत आल्या. आबा खाटेवर धडधाकट बसलेले पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. पण पेटीत खरंच काहीतरी बिघडलं होतं. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडत होते. कधी तळ न सोडणारा काळा मासासुद्धा.

"मामाले फोन लावा," दामिनी रडत म्हणाली.

आबांचा हात खिशाशी गेला आणि थांबला. ललितला फोन लावायचा म्हणजे दुपारचं सगळं बाहेर येणार. काळा मासा एका कुशीवर कलला. आबांनी फोन लावून दामिनीच्या हातात दिला. तिनं आवाज मोठा केला.

"मामा, मासा वर ईसन तोंड उघडी ऱ्हायनात! पानी तापी गयं!"

"अगं, पण आबा तर दुपारी म्हणाले, तू झोपलीयेस आणि पाणी गार आहे!"

दामिनीनं आबांकडे पाहिलं. रंजनाबाईंनीही. आबा गोणपाटाकडे पाहत राहिले.

"पेटीवर काय आहे?" ललितनं विचारलं. तिनं सांगितलं. "आधी ते काढा. झाकणही काढा. वीज नाही? मग पंप बंद पडलाय. तांब्यानं त्यातलंच पाणी उचलून उंचावरून परत सोड. वरून वारा घाला. गार पाणी एकदम ओतू नका, धक्क्यानं मरतील. फ्रीजमध्ये बर्फाची बाटली असेल तर झाकण घट्ट लावून तरंगत ठेवा. थोडा वेळच."

दामिनी तांब्यानं पाणी सोडू लागली. रंजनाबाईंनी बाटली आणली. आबांनी सूप उचललं आणि पाण्यावर वारा घालायला लागले. "माशास्ना मामासंगे कसाले बरोबरी करी ऱ्हायनात?" रंजनाबाई हळूच म्हणाल्या. आबांनी सूप आणखी जोरानं हलवलं. हात भरून आले, तरी सूप खाली ठेवलं नाही. दामिनी त्यांच्याकडे बघतही नव्हती. उन्हापेक्षा तेच त्यांना जास्त पोळत होतं.

पट्टीवरचा आकडा एकेक करून उतरला. मासे पांगले. काळा मासा सर्वांत शेवटी तळाशी जाऊन चिकटला.

"मामा, पन गोणपाट काबर नई चाललं?" दामिनीनं फोनमध्ये विचारलं.

"नाहीच चालत बेटा. दुकानवाला म्हणाला, वर उघडं हवं."

फोन बंद झाला. ती पेटीसमोरच्या स्टुलावर बसली. मग मान न वळवता म्हणाली, "आबा, काबर?"

आबांनी सूप ठेवलं. तिचं मनगट ओलं केलं. "फुंक."

"गार लागलं."

त्यांनी त्यावर स्टीलची ताटली ठेवली. "आते फुंक."

तिनं फुंकलं. पुन्हा फुंकलं. "काहीच नई." मग तिचे डोळे मोठे झाले. "रांजण पाझरतो, म्हणून त्याचं गोणपाट ओलंच राहतं! काच पाझरत नाही. तिचं पाणी वरूनच उडणार, आणि आपण वरूनच बंद केलं!"

"मी बंद करं," आबा म्हणाले. "तू नई. आनि हवाबी तठूनच जास आत. ती बी मीच बंद करी."

"हे मामाला माहीतच नाही!" ती उडी मारून उठली. "मी मामाले सांगस!"

परत मामाच आधी, हे आबांना खुपलं. तरी त्यांनी फोन तिच्या हातात दिला. ती अंगणात पळाली, निंबाखाली. आबांनी सूप उचललं आणि वारा घालू लागले, पण अगदी हळू, आवाज न करता. ती बोलताना आपलं नाव घेते की नाही, ते त्यांना ऐकायचं होतं.