हात बरा असताना

तपासण्या सगळ्या चांगल्या निघाल्या आणि तिची पंचाईत झाली. रक्तात काही नाही, हाडांत काही नाही, अंग मात्र मानेपासून पोटऱ्यांपर्यंत ठणकतंय. "रिपोर्ट चांगले आले म्हणून कुणी रडतं का?" नवरा म्हणाला. सासूबाईंनी तर निकालच देऊन टाकला, "नाचता येईना, अंगण वाकडं." ताप, सूज नाहीतर प्लास्टर असेल तरच त्यांच्या लेखी दुखणं, बाकी सगळी सोंगं.

दोघा नवराबायकोचं घराला लागूनच इस्त्रीचं दुकान होतं. चादरी-पडदे त्याचे, शर्ट तिचे. तसा तो वाईट नव्हता. ती कळवळून खाली बसली की खुर्ची आणायचा, तिच्या वाटचे शर्टही उरकायचा. पण त्यासाठी आधी कळवळावं लागायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हा तर नवरा.

शेवटी दवाखान्यातून तिला जुनाट दुखण्याच्या वर्गाला पाठवलं. तिथली बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "दुखणं खरंच आहे तुमचं. फक्त मेंदूतली धोक्याची घंटा उगाच वाजत राहते, तिला शांत करायचं." ते 'खरंच' ऐकून तिला तिथेच रडू फुटलं. मग श्वास पोटापर्यंत न्यायचा, जबडा सैल सोडायचा, हे ती शिकली. सगळ्यात अवघड पुढचं होतं: हात दुखायला लागायच्या आधीच इस्त्री खाली ठेवायची.

तिनं मन लावून केलं आणि हळूहळू गुण आला. झोप लागू लागली. एके सकाळी हात वर करून तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली, तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती सोडून तिनं पुन्हा घातली.

दुकानात मात्र वेगळंच सुरू झालं.

"दुखतंय का?"

"अजून नाही."

"मग ठेवलीस का इस्त्री?"

"दुखू नये म्हणून."

नवरा गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, "बघा, आमच्याकडे आजारी पडायच्या आधीच रजा मिळते!" गिऱ्हाईकही हसलं. घरी ती डोळे मिटून श्वास घेत बसली की सासूबाई म्हणायच्या, "लागली समाधी."

एक दिवस कपड्यांचा ढीग पडलेला असताना तिनं इस्त्री ठेवली, तसा तो भडकला. "नुसतं डोळे मिटून बसल्यानं बरं झालं ना? म्हणजे तुला कधी काही झालंच नव्हतं! आता तूच दाखवून दिलंस."

तिनं इस्त्री उचलली. कुठे थांबायचं ते तिला आता नेमकं कळत होतं. ती तिथे थांबली नाही. कॉलर, बाह्या, पुढचा शर्ट, त्याच्या पुढचा. खांदा पेटला, मग पाठ, मग इस्त्रीच्या मुठीवरची बोटं उलगडेनात. शेवटी नवऱ्यानंच ती एकेक करून सोडवली.

"अगं, सांगायचं तरी!" तो घाबरून गेला. खुर्ची आली, शेकायची पिशवी आली. आतल्या खोलीकडे तोंड करून तो ओरडला, "आई, हिला खरंच दुखतंय गं!"

हे एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला तिनं वर्षं घालवली होती. तिनं डोळे मिटले. पण श्वास काही पोटापर्यंत नेला नाही. इतक्या लवकर बरं वाटून चालणार नव्हतं.