पहारेकऱ्याची बदली

…तो थेंब काचेच्या बाहेर नव्हता. मऊ चामड्याच्या फडक्याने त्याने तीच जागा पुन्हा पुसली, मग फडक्याची घडी उलटून आणखी एकदा पुसली. आणि तरीही पहारेकऱ्याच्या डाव्या बुटापाशी, मोहरीएवढा, किंचित पिवळसर असा तो थेंब होता तिथेच राहिला, तेव्हा एरवी पुराव्यावाचून काहीही मान्य न करणाऱ्या त्याच्या मनाने ती गोष्ट त्याला न विचारताच मान्य करून टाकली – थेंब आत होता. आत, म्हणजे जिथे इतक्या वर्षांत वारा गेला नव्हता, धूळ गेली नव्हती, माणसाचा हात तर नव्हताच नव्हता. पाणी आत शिरणे शक्य नाही. मग जे शिरले नाही ते तिथेच निपजले असले पाहिजे… हा तर्क इतका सरळ होता की त्याला तो मध्येच तोडावासा वाटला.

“अहो, झालं का दर्शन?” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “ठकी दुपारी यायचीय. त्या बाहुल्यांना पुसताय त्याच्या निम्म्यानं जरी तो पंखा पुसला असतात ना, तर तुमचाही पुतळा करून काचेत ठेवला असता मी.”

“बाहुल्या नाहीत त्या,” तो सवयीने म्हणाला.

“बरं, देव म्हणा. चहा गार होतोय देवाच्या भक्ताचा.”

रविवारची सकाळ म्हणजे फडताळाची सकाळ. वरच्या खणात पत्र्याचे अग्निबाण, किल्लीवर चालणारे दोन यंत्रमानव, एक उडती तबकडी; मधल्यात मुखवटे घातलेले, झगे पांघरलेले, छातीवर चिन्हे मिरवणारे मऊ प्लास्टिकचे महावीर, प्रत्येक आपापल्या बंद पेटीत; आणि मधोमध, एकटा, स्वतःच्या काचपेटीत, हातात कंदील घेतलेला पहारेकरी. आज त्याला द्यायचे होते. लेकीने फोनवर स्वतःहून म्हटले होते – “बाबा, आता एवढ्या लांब जातोय आम्ही, परत कधी येणं होईल कुणास ठाऊक. या वेळी पहारेकरी नेईन म्हणते.” तो हो म्हणाला होता. हो म्हणण्यावाचून त्याच्याजवळ काही उरलेही नव्हते. कारण घर सोडून जाशील तेव्हा हा तुझा, हे वचन त्याचेच, आणि ती शिकायला गेली तेव्हा ‘वसतिगृहात कुठे ठेवशील’ म्हणून, आणि तिचे लग्न झाले तेव्हा ‘तुमचं भाड्याचं घर, दमट भिंती’ म्हणून, ते दोनदा पुढे ढकलणाराही तोच.

हा पहारेकरी त्याच्या लहानपणी मुलांच्या एका मासिकात दर महिन्याला यायचा. आकाशगंगेच्या अगदी काठावर, जिथून पुढे तारेही नाहीत अशा एका ओसाड खडकावर त्याची नेमणूक होती. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना कंदील दाखवायचा, संकट आले तर झुंजायचे, आणि बदली माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. एका अंकात शेवटच्या चौकटीत क्षितिजावर प्रकाशाचा एक ठिपका दिसला, खाली ‘क्रमशः’ लिहिलेले होते, आणि मासिक बंद पडले. तो ठिपका बदली माणसाच्या यानाचा की शत्रूच्या, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर स्वतःशी आणि इतरांशी इतक्या बाजूंनी लढवला होता, की बायकोने एकदा वैतागून म्हटले होते, “काजवा असेल हो, झोपा आता.” मोठा होऊन नोकरीला लागल्यावर, बंद होत असलेल्या एका दुकानात, फुटक्या पाट्या आणि वाळलेल्या शाईच्या दौतींमागे त्याला ही मूर्ती सापडली – मूळ वेष्टनात, लाल झग्याला घडीही न पडलेली – आणि तिथे उभ्या उभ्या, मोठा मिशाळ माणूस, तो रडला होता. हे मी कुणालाच सांगितलेले नाही.

तिला जपायचे कसे, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. तो वजनमापे तपासणाऱ्या खात्यात होता. तिथे एका थंड खोलीत प्रमाण वजने असतात. मखमलीच्या खाचांत बसवलेली, काचेच्या घट्ट झाकणाखाली, आणि त्यांना उघड्या हाताने शिवणे हा गुन्हा, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन फिरते आणि मग त्या वजनावरून तपासलेली साऱ्या बाजाराची वजने फिरतात. उचलायचे ते हस्तिदंती टोकांच्या चिमट्याने, हातमोजे घालून, श्वास रोखून. ही शिस्त त्याने घरी आणली. पेटीच्या कडांना खात्यात फटी बुजवायला वापरतात तोच लुकण भरला, हवेला सुईच्या टोकाएवढीही वाट ठेवली नाही, आणि वर समाधानाने टिचकी मारली. पितळ तसे जपले की पिढ्यान्‌पिढ्या टिकते…

संग्राहकांच्या मेळाव्यात त्यावर एकदा वाद झाला होता. कॅप्टन – हे आम्हीच ठेवलेले नाव, कधी जहाजावर न चढलेला पण जहाजी टोपी घालणारा एक लठ्ठ, हसरा इसम, ज्याची खेळणी त्याच्या नाती अंगणात घेऊन पळत आणि म्हणून ज्याला मेळाव्यात कुणी संग्राहक मानतच नसे – तो उभा राहून म्हणाला होता, “साहेब, प्लास्टिक म्हणजे पितळ नव्हे. त्याच्या पोटात तेल असतं, ते घाम गाळतं. कोंडलंत तर स्वतःच्याच घामात कुजेल. वारा लागू द्या त्याला.” यावर त्याने उत्तर दिले होते. धूळ, ऊन आणि माणसाचा हात या तीन शत्रूंवर त्याने असे काही विवेचन केले, कॅप्टनच्या एकेका वाक्याचे असे काही तुकडे पाडले, की सभा टाळ्यांनी दुमदुमली. कॅप्टनही टाळ्या वाजवत होता. “वादात जिंकलात साहेब,” तो म्हणाला, “आता तेवढं प्लास्टिकला पटवा.”

चहावर साय धरली. त्याने खोलीचे दार लोटून घेतले, पात्याने लुकण कापला – वाळलेल्या लुकणाची एक लांब, न तुटणारी साल निघाली – आणि झाकण वर केले.

आधी वास आला. गोडसर, आंबट, आजाऱ्याच्या उशीसारखा. मग त्याने हातमोजे घातले आणि मूर्ती उचलायला गेला, तर ती उचलली जाईना. बुटांचे तळवे विरघळून पेटीच्या तळाशी एकजीव झाले होते. लाल झगा पाठीत रुतून बसला होता, झग्याचा रंग मांड्यांपर्यंत ओघळला होता, आणि मानेमागे, जिथे झग्याची गाठ, तिथे अंगठा टेकताच अंगठा आत गेला. खरोखर आत गेला. जुन्या गुळात जावा तसा. त्याने हात मागे घेतला, हातमोज्याबरोबर एक लाल तार लांबत आली, लांबत राहिली… मधल्या खणातले बाकीचे महावीरही त्याने एकेक करून पाहिले, आणि पाहण्याआधीच त्याला ठाऊक होते. फक्त पत्र्याचे अग्निबाण तेवढे शाबूत होते. त्यांना त्याने कधी पेटी केली नव्हती, कारण ते त्याला तितकेसे प्रिय नव्हते.

विज्ञानकथांत हे असे घडत नाही. तिथे माणसाला बर्फाच्या कुपीत निजवतात, कुपी बंद करतात, यान निघते. युगे लोटतात, पृथ्वीवरचे सगेसोयरे मातीला मिळतात, आणि हा मात्र डोळे चोळत तरुणच्या तरुण उठतो. कोंडलेला टिकतो, उघड्यावरचे झिजतात – या एका गृहीतावर त्याची सारी आवड उभी होती. ते चूक असेल असा संशयही त्याला आला नव्हता. पण समजा, पृथ्वी आहे तिथेच राहिली, माणसे उन्हावाऱ्यात हिंडली, पडली, भांडली आणि बरी राहिली, आणि कुपी उघडली तर आतल्या निजलेल्याचेच… ही कथा कुणी लिहिली नाही. लिहिली असती तर मी ती वाचली नसती.

लेक – ठकी हे नाव तिच्या आत्याने ठेवलेले, लाकडी बाहुलीसारखी गुमान बसते म्हणून – चार-पाच वर्षांची असताना या पेटीसमोर गुडघे टेकून बसायची, नाक काचेला लावून. “बाबा, हा जेवतो कधी?” “त्याला भूक लागत नाही.” “मग याची बदली कधी होणार?” घरात बदलीचा विषय सतत असे, तिथून तिने तो शब्द उचलला होता. “बदली माणूस आला की.” “तो वाट चुकला असेल. बाबा, याला बाहेर काढू या? मी त्याला हातात धरून गॅलरीत नेते. तिथून यान दिसेल त्याला.” आणि तो म्हणाला होता… तो काय म्हणाला होता हे आठवायला नकोच, कारण तो नेहमी एकच म्हणायचा – “हात नाही लावायचा.” रागाने नव्हे, शांतपणे, कारणे देऊन. ती निजली की काचेवरचा तिच्या नाकाचा आणि ओठांचा तो वाफाळलेला ठसा तो फडक्याने पुसून काढी, दर वेळी, एकही ठसा त्याने ठेवला नाही. त्यातला एखादा आता कुठे असेल तर तो पाहायला तो… पण हा विचार नाटकी होता, आणि नाटकीपणाची त्याला चीड होती.

अजून एक वाट होती. कापसाच्या बोळ्याने त्याने मूर्तीचा चेहरा टिपला. आश्चर्य असे की घाम टिपल्यावर चेहरा पूर्वीहून चकचकीत दिसू लागला. कंदील धड होता, छातीही धड. जे बिघडले ते सगळे पाठीला. पाठ भिंतीकडे केली, थेंब पुसले, झाकण लावून नवा लुकण भरला तर समोरून पाहणाऱ्याला – आणि ही पेटी समोरून पाहायचीच शिस्त या घरात आहे – काय कळणार? ‘उघडू नकोस’ एवढे सांगायचे. ती उघडणार नाही. तिने कधीच उघडले नाही. त्याचे हात हा विचार पुरा होण्याआधीच कामाला लागले होते, आणि ते काम त्यांनी नेहमीप्रमाणे उत्तम केले.

दुपारी ती आली तेव्हा घामाघूम होती. आईच्या गळ्यात पडली, पंख्याखाली बसली.

“काय गं, वाळलीस किती!”

“आई, तू मला जन्मल्यापासून हेच म्हणतेयस. त्या हिशोबानं मी आत्तापर्यंत दिसायचीच बंद व्हायला हवी होते.”

“ऐका. जीभ बापाची आहे हिची.”

तो हसला. हसता हसता त्याने ठरवले की सांगायचे. खोलीत गेल्यावर, दार लोटून, एका वाक्यात – हे आतून सडले आहे, मी सडवले, तू उघड आणि बघ. वाक्य तयार होते. चांगले होते.

खोलीत येताच ती पेटीसमोर गुडघे टेकून बसली. “बाबा, तिथल्या नव्या घरात मी याच्यासाठी कोनाडा करून घेतलाय, माहितेय? उंचावर. कुणाचा हात पोचणार नाही असा. ऊन नाही, काही नाही.” आणि मग, त्याने तोंड उघडायच्या आत, त्याच्याकडे न पाहताच – “आणि घाबरू नका, उघडणार नाही मी. मला माहितेय ना सगळं.”

“ठकी,” तो म्हणाला.

“काय?”

“…तुला… लहानपणी तुला याला गॅलरीत न्यायचं होतं.”

“मला?” तिने कपाळाला आठ्या घातल्या, प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “छे. मी बरी नेईन? तुम्ही केवढे जपायचात याला.” ती हसली, वाकली, आणि जुन्या दिवसांसारखे नाक काचेला टेकवले, काचेवर धुके धरले, ओठांचा एक अर्धवट ठसा उमटला – आणि त्याचा हात, ज्यात लुकण भरून झाल्यापासून ते फडके होते आणि तसेच राहिले होते, तो हात वर उठला.

त्याने तो अर्ध्यात थांबवला. पण तिने पाहिले होते. “अगंबाई, सॉरी बाबा,” असे म्हणून तिने ओढणीचे टोक घेतले आणि तो ठसा स्वतःच पुसला – गोलगोल नव्हे. वरून खाली, एकाच दिशेने, जसे पुसायला मी तिला शिकवले होते.

वाक्य अजून त्याच्या तोंडात होते. जिना उतरताना तिने पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, कोपरे आत, नजर पायरीवर. “फार हलू देऊ नकोस,” बायको वरून म्हणाली, “नाहीतर तुझे वडील पायी चालत मागून येतील.” खालून हसणे ऐकू आले. तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि ऐकत राहिला – एक पायरी, मग थांबणे, मग दुसरी पायरी… आणि त्याच्या ध्यानात आले की आपण कान देऊन वाट पाहतो आहोत ती तिच्या पायाला ठेच लागण्याची; ज्या हातांतून काही निसटेल या भीतीपायी एक सबंध बालपण आपण काचेबाहेर उभे केले, त्याच हातांतून ती पेटी आत्ता, या क्षणी, निसटावी, फुटावी, तिच्या बोटांना तो लाल चिकटा लागावा, आणि तिने ओरडावे, चिडावे, वर येऊन जाब विचारावा – जोराने, अगदी देवाकडे मागावे तसे, तो हे मागत होता. खाली पावले संथ पडत होती. एकही चुकत नव्हते. ती काही पाडणारी नव्हतीच.