चढावरची रिकामी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी, मिठाची पेटी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, रस्त्यावरची. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या एका चढावर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मला बारा वर्षांपूर्वी आणून ठेवलं. प्लास्टिकचं अंग, वर झाकण आणि पोटात जाडंभरडं तपकिरी मीठ, इथल्या भाषेत ग्रिट. बर्फ पडला की ते रस्त्यावर टाकायचं, म्हणजे कुणी घसरत नाही. उन्हाळ्यात मला कुणी विचारत नाही. मुलं माझ्यावर बसून क्रिस्प्स खातात आणि रिकामी पाकिटं माझ्या पोटात टाकून मोकळी होतात. त्याचं मला वाईट वाटत नसे. थंडीत सगळे माझ्याच दारी येतात, एवढी ऐट मला पुरत होती.

समोरच्या घरात वरदा राहते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. चढ चढताना धाप लागली की ती माझ्या झाकणावर हात टेकून उभी राही. तारीख ऐन जानेवारीतली होती. "तू आहेस ना इथे, मग मला टेन्शन नाही," असं एकदा मला थोपटत ती म्हणाली. त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मीठ चढलं!

डिसेंबरात तिचं डोहाळजेवण होतं. पाहुणे चाळीस, आणि सकाळपासून रस्त्यावर दव गोठलेलं. तिचा नवरा अनय बादली घेऊन आला. बादलीमागून बादली त्याने नेली. ड्राइव्हवे झाला, फुटपाथ झाला, गाड्या लावायची जागाही झाली. शेवटी त्याने सुपलीने माझा तळ खरवडला.

"अरे, अख्खी पेटी रिकामी केलीस?" त्याची आई, प्रमोदिनीबाई, दारातून म्हणाल्या.

"आई, लोक पैठण्या नेसून येतायत. कुणी पडलं तर? कौन्सिल टॉप-अप करेल ना!"

कौन्सिलची गाडी हिवाळ्याआधी एकदाच येते, याची त्याने चौकशीही केली नाही. "किती छान क्लिअर केलंयस रे," म्हणत पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. मीठ माझं आणि वाहवा त्याची! वरदा आत फुलांचे दागिने घालून बसली होती. तिला दोघांनीही काही सांगितलं नाही.

जानेवारीत बर्फाचा इशारा आला. माझ्याशेजारी उभं राहून वरदाने विचारलं, "अनय, यात ग्रिट आहे ना? बघू का उघडून?"

"अगं, फुल आहे. तू वाकू नकोस."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घोटाभर बर्फात, तिला कळा सुरू झाल्या. गाडी बाहेर निघाली ती गरकन फिरून मलाच येऊन टेकली. ॲम्ब्युलन्स चढाच्या पायथ्याशी अडकली. वरदा कशीबशी उतरली आणि तिने माझं झाकण उघडलं. आत क्रिस्प्सचं एक पाकीट होतं.

"तू फुल म्हणालास."

"सॉरी वरदा, मला वाटलं..."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

प्रमोदिनीबाई आत धावल्या आणि स्वयंपाकघरातली मिठाची बरणी घेऊन आल्या. तेवढ्यात दोन पॅरामेडिक चालत वर पोहोचले. त्यांनी वरदाला खुर्चीत बसवून उचललं. पुढे प्रमोदिनीबाई चिमूट चिमूट मीठ टाकत निघाल्या. दहा पावलांत बरणी संपली. उरलेला उतार ते पाऊल चाचपत उतरले. मुलगी ॲम्ब्युलन्समध्येच झाली. दोघी सुखरूप आहेत, देवाची कृपा.

पुढच्याच आठवड्यात अनयने पोती आणून मला काठोकाठ भरलं. पण मित्रांनो, वरदाने माझ्या पोटात पाहिलं तेव्हाची तिची नजर माझ्यासमोरून हलत नाही. फसवलं त्याने, आणि तिला रिकामी दिसले मी. म्हणून एवढंच मागणं आहे. मीठ खुशाल न्या, सगळ्यांचंच आहे ते. पण तळ लागला तर सांगा.

आता वरदा बाळाची गाडी ढकलत चढ चढते. धाप लागली तरी माझ्यावर हात टेकत नाही.

"फुल आहे गं," अनय मागून सांगतो.

ती थांबते, स्वतः झाकण उघडते, कोपरापर्यंत हात आत घालून पाहते आणि मगच पुढे जाते.